घराच्या अलार्मचा रिमोट : जोडायला शिका, काढायलाही शिका



आजचा पाठ पाठ्यपुस्तकातला नाही, आपल्या दारामागचा आहे. हल्ली बऱ्याच घरांत आई-बाबा दोघंही कामावर जातात, मुलं शाळेत असतात आणि दुपारभर घर बंद किंवा आजी-आजोबांच्या भरवशावर असतं. म्हणून लोक चोरीची सूचना देणारा अलार्म बसवून घेतात. बसवणारा येतो, भिंतीला पॅनेल ठोकतो, हातात दोन रिमोट देतो आणि "हे दाबलं की चालू, हे दाबलं की बंद" एवढं सांगून निघून जातो.

पण तो छोटासा रिमोट म्हणजे घराची एक नवीन किल्ली आहे. किल्ली हरवली तर आपण कुलूप बदलतो. रिमोट हरवला तर काय करायचं, हे मात्र बहुतेक घरांत कोणालाच माहीत नसतं. म्हणून या पाठात रिमोट जोडायचा कसा हे तर पाहूच, पण तो पॅनेलच्या यादीतून काढायचा कसा, हेही शिकू. शेवटी पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी एक उपक्रमही दिला आहे.

१) अलार्ममध्ये कोण काय काम करतं?

आधी मंडळींची ओळख करून घेऊ.

पॅनेल : हा घरातला मुख्याध्यापक. सगळ्यांचे निरोप याच्याकडे येतात आणि निर्णय हाच घेतो.

दाराचा सेन्सर : याचे दोन तुकडे असतात. एकात चुंबक, दुसऱ्यात चुंबकाने चालणारा बारीक स्विच. दार उघडलं की दोन्ही तुकडे लांब जातात आणि पॅनेलला निरोप जातो.

हालचाल टिपणारा सेन्सर : माणसाच्या अंगाची ऊब खोलीत एका जागेवरून दुसरीकडे सरकली की याला कळतं.

भोंगा : पॅनेलने सांगितलं की वाजतो.

रिमोट : हा पॅनेलला हुकूम देतो. "पहारा सुरू कर" आणि "पहारा थांबव" हे त्यातले दोन मुख्य हुकूम. इंग्रजीतून आलेले आर्म आणि डिसआर्म हे शब्द माहितीपुस्तिकेत सापडतील, त्यांचा अर्थ हाच.

एक गोष्ट लक्षात घ्या. पहारा थांबवणं म्हणजे पॅनेलची वीज बंद करणं नव्हे. पॅनेल जागंच असतं, फक्त दार उघडल्यावर ओरडत नाही.

२) हा रिमोट टीव्हीच्या रिमोटसारखा नाही

टीव्हीचा रिमोट अवरक्त प्रकाशावर चालतो. मध्ये कोणी उभं राहिलं की चॅनेल बदलत नाही. मोबाइलचा कॅमेरा सुरू करून टीव्हीच्या रिमोटचं पुढचं टोक कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा, स्क्रीनवर जांभळट ठिपका चमकताना दिसेल. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर पुढचा कॅमेरा वापरून पाहा. मुलांना हा प्रयोग फार आवडतो.

अलार्मचा रिमोट रेडिओ लहरींवर चालतो. त्या भिंतीतून जातात, म्हणून फाटकाबाहेर उभं राहूनही पहारा सुरू करता येतो. यातले बरेच रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्झवर काम करतात. या लहरीची लांबी साधारण ६९ सेंटीमीटर. तिचा चौथा भाग म्हणजे सुमारे १७ सेंटीमीटर. काही पॅनेलमधून एक वायर नुसतीच लोंबताना दिसते आणि तिची लांबी जवळपास एवढीच असते. ती पॅनेलची अँटेना. दिसायला वाईट दिसते म्हणून ती कापू नका, गुंडाळून आत खुपसू नका. तिचं माप मुद्दाम ठरवलेलं असतं.

भिंतीतून लहर जाते, पण लोखंडाला अडते. पॅनेल लोखंडी कपाटामागे असेल, किंवा मध्ये जाड सिमेंट-सळईची भिंत किंवा स्लॅब असेल, तर रिमोट लांबून चालत नाही. खोक्यावर छापलेलं अंतर मोकळ्या मैदानातलं असतं, घरातलं नसतं.

३) चार बटणं नीट ओळखा

बहुतेक रिमोटवर चार बटणं असतात.

बंद कुलपाचं चित्र : घराबाहेर जाताना दाबायचं. सगळे सेन्सर पहाऱ्याला बसतात.

उघड्या कुलपाचं चित्र : पहारा थांबवायचा.

घराचं चित्र : आपण घरातच आहोत, रात्री झोपताना दाबायचं. दारं-खिडक्यांवर पहारा राहतो, पण आतली हालचाल टिपणारे सेन्सर गप्प राहतात. म्हणजे आजोबा रात्री पाणी प्यायला उठले तर भोंगा वाजणार नाही.

घंटीचं चित्र किंवा एसओएस : संकटाचं बटण. पहारा बंद असतानाही हे बटण सहसा काम करतं.

काही रिमोटवर विजेच्या रेघेचं चित्र असतं. एका कंपनीत त्याचा अर्थ "घरात आहोत", तर दुसऱ्या कंपनीत "संकट". त्यामुळे अंदाजाने सांगू नका. आपल्याच पॅनेलच्या पुस्तिकेत बघा आणि मगच घरच्यांना शिकवा.

४) जोडण्याआधीची तयारी

रिमोट जोडणे याला पुस्तिकेत "लर्न" किंवा "कोडिंग" म्हणतात. म्हणजे पॅनेलला शिकवायचं की बाबा रे, हा आवाज आपल्या माणसाचा आहे. शिकवायला बसण्याआधी एवढं करा :

• नवीन रिमोट त्याच पॅनेलसाठी आहे ना, हे बघा. लहरींचा पट्टा आणि कोडची पद्धत दोन्ही जुळायला हवेत. दुसऱ्या कंपनीचा रिमोट दिसायला तसाच असला तरी पॅनेल त्याला ओळखेलच असं नाही.

• सेलमध्ये प्लास्टिकची पट्टी अडकवलेली असेल तर ती ओढून काढा. बटण दाबल्यावर रिमोटचा दिवा ठळक लागला पाहिजे.

• पहारा थांबवलेल्या स्थितीत पॅनेल ठेवा.

• घरातले बाकीचे रिमोट बाजूला ठेवा आणि मुलांना त्या पाच मिनिटांत बटणं दाबू देऊ नका. पॅनेल शिकण्याच्या स्थितीत असताना ज्याचा आवाज आधी कानावर पडेल त्यालाच ते ओळखीचा समजतं.

• शेजाऱ्यांना सांगून ठेवा, "थोडा वेळ भोंगा वाजेल, घाबरू नका." भर दुपारी हे काम काढू नका.

५) जोडण्याच्या पायऱ्या

प्रत्येक पॅनेलची बटणं वेगळी असतात, पण क्रम साधारण असाच असतो :

पहिली पायरी : पॅनेलला शिकण्याच्या स्थितीत आणा. साध्या पॅनेलवर यासाठी छोटं बटण असतं. मोबाइल ॲपवर चालणाऱ्या पॅनेलमध्ये "नवीन उपकरण जोडा" अशा अर्थाचा पर्याय असतो. पॅनेल बीप देतं किंवा त्याचा दिवा लुकलुकतो.

दुसरी पायरी : लगेच रिमोटचं कोणतंही एक बटण दाबा, मात्र संकटाचं बटण टाळा. पॅनेल थोडेच सेकंद वाट पाहतं. वेळ संपली तर पहिली पायरी पुन्हा.

तिसरी पायरी : पॅनेलने पुन्हा बीप दिला की रिमोट जोडला गेला. "आधीच जोडलेला आहे" असा वेगळा आवाज किंवा संदेशही काही पॅनेल देतात.

चौथी पायरी : शिकण्याच्या स्थितीतून पॅनेल बाहेर आलं की नाही बघा. ते तसंच राहिलं तर भलतंच काहीतरी जोडून घेईल.

पाचवी पायरी : एका वेळी एकच रिमोट जोडा. जोडून झाला की त्यावर कागदी पट्टी चिकटवून नंबर टाका : १, २, ३. घराचा पत्ता किंवा आडनाव लिहू नका. ते लिहिणं म्हणजे सापडलेल्या किल्लीबरोबर घराचा रस्ताही देणं.

सहावी पायरी : वहीच्या एका पानावर नोंद करा. रिमोट क्रमांक, कोणाकडे आहे, कधी दिला. शाळेत आपण किल्ल्यांची नोंद ठेवतो तशीच. वही घरातच ठेवा, रिमोटसोबत नाही.

आणि एक काम नक्की करा. पॅनेलचा पासवर्ड पुस्तिकेत छापलेलाच ठेवू नका. तीच पुस्तिका त्याच कंपनीच्या प्रत्येक ग्राहकाकडे असते.

६) परीक्षा घेतल्याशिवाय पाठ पूर्ण होत नाही

आपण शिक्षक आहोत. आपल्याला माहीत आहे की "मी शिकवलं" आणि "मुलांना कळलं" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिमोटचंही तसंच आहे. बटण दाबल्यावर रिमोटचा दिवा लागतो, त्याचा अर्थ रिमोट बोलला, एवढाच. पॅनेलने ऐकलं की नाही हे साध्या रिमोटला कळतच नाही, कारण तो फक्त बोलू शकतो, ऐकू शकत नाही. म्हणून खात्री पॅनेलच्या आवाजावरून करायची, रिमोटच्या दिव्यावरून नाही.

चाचणी अशी घ्या :

• फाटक, जिना, पार्किंग, झोपायची खोली, न्हाणीघराचं दार अशा रोजच्या जागांवरून पहारा सुरू आणि बंद करून बघा. जिथून चालत नाही ती जागा वहीत लिहा.

• पहारा सुरू करा, थोडं थांबा आणि दार उघडा. भोंगा वाजला पाहिजे. मग रिमोटने थांबवा.

• रात्रीची स्थिती लावून आतल्या खोल्यांतून फिरा. भोंगा वाजता कामा नये.

• मेन स्विच बंद करून हेच पुन्हा करा. रिमोट सेलवर चालतो, पण पॅनेल विजेवर चालतं. पॅनेलची आतली बॅटरी संपलेली असेल तर वीज गेल्यावर रिमोट कोणाशी बोलणार?

महिन्यातून एकदा ही चाचणी घ्या. घटक चाचणी समजा!

७) कोडचं गणित

आता गणिताच्या शिक्षकांनी कान टवकारावेत. पॅनेल रिमोटला ओळखतं ते त्याच्या कोडवरून. हा कोड किती सुरक्षित असतो?

जुन्या, स्वस्त रिमोटमध्ये पीटी २२६२ नावाची चिप असते. तिच्या पत्त्याच्या आठ पिना वापरल्या तर प्रत्येक पिन तीनपैकी एका स्थितीत ठेवता येते. म्हणजे एकूण कोड ३ चा आठवा घात, ६,५६१. त्यानंतरच्या ईव्ही १५२७ चिपमध्ये कोड २० बिटांचा असतो. २ चा विसावा घात म्हणजे १०,४८,५७६.

मुलांना उदाहरण घाला : समजा एखादं यंत्र सेकंदाला १० कोड आजमावतं. पहिल्या प्रकारातले सगळे कोड संपायला किती वेळ लागेल? ६५६ सेकंद, म्हणजे सुमारे ११ मिनिटं. दुसऱ्या प्रकारात? सुमारे २९ तास. घातांक वाढला की संख्या कशी झेप घेते, हे मुलांना इथे लगेच पटतं.

पण खरा धोका वेगळाच आहे. या दोन्ही चिपा दर वेळी तोच कोड पाठवतात. ज्याने तो एकदा टिपून घेतला, त्याला आजमावत बसायची गरजच नाही. बाजारात अशा रिमोटची नक्कल करणारे रिमोटही मिळतात. म्हणजे तुमचा रिमोट थोडा वेळ कोणाच्या हाती गेला, तरी त्याची दुसरी प्रत तयार होऊ शकते आणि तुम्हाला कळणारही नाही.

यावर उपाय म्हणजे बदलता कोड. भिंतीवरची तारखेची पानं फाडायची दिनदर्शिका आठवा. रिमोट आणि पॅनेल दोघांकडे तशीच एक गुप्त वही आहे असं समजा. प्रत्येक वेळी बटण दाबलं की एक पान फाटतं. कालचं पान आज कोणी आणून दाखवलं तर पॅनेल म्हणतं, "हे झालंय." रिमोट दप्तरात दाबला जाऊन दोन-चार पानं उगाच फाटली तरी चालतं. पॅनेल थोडी पुढची पानंही स्वीकारतं. फारच पुढे गेला तर मात्र काही रिमोट पुन्हा जुळवावे लागतात.

अशा पद्धतींपैकी कीलॉक ही प्रसिद्ध पद्धत १९८०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत तयार झाली आणि १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मायक्रोचिप कंपनीने ती विकत घेतली. २००८ मध्ये जर्मनीतल्या बोखुमच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी तीही फोडता येते हे दाखवून दिलं. म्हणजे कायमचं अभेद्य कुलूप असं काही नसतं. तरीही एकच कोड पुन्हा पुन्हा पाठवणाऱ्या रिमोटपेक्षा बदलता कोड कितीतरी चांगला. अलार्म घेताना दुकानदाराला स्पष्ट विचारा, "याचा कोड दर वेळी बदलतो का?" तो गोंधळला तर खोक्यावर किंवा पुस्तिकेत "रोलिंग कोड" किंवा "हॉपिंग कोड" हे शब्द शोधा.

८) रिमोट हरवला तर?

हा पाठाचा सर्वांत महत्त्वाचा भाग. "सापडेल दोन दिवसांत" म्हणत थांबू नका. त्याच दिवशी पॅनेलच्या यादीतून तो काढून टाका.

ॲपवरच्या पॅनेलमध्ये प्रत्येक रिमोटचं नाव वेगळं दिसतं. हरवलेला निवडून काढता येतो. म्हणूनच जोडताना नाव किंवा क्रमांक द्यायचा.

साध्या पॅनेलमध्ये बऱ्याचदा एकच रिमोट काढायची सोय नसते. शिकवण्याचं बटण बराच वेळ दाबून धरलं की सगळेच रिमोट पुसले जातात. मग हातात असलेले रिमोट पुन्हा एकेक करून जोडायचे. काम दहा मिनिटांचं आहे. पण काही पॅनेलमध्ये रिमोटसोबत सेन्सरही पुसले जातात, म्हणून आधी पुस्तिका वाचा. पुसल्यानंतर जुन्या रिमोटने पहारा खरंच थांबत नाही ना, हे हातातला एखादा रिमोट पुन्हा जोडण्याआधीच दाबून तपासा.

घर भाड्याने घेतलं असेल, जुन्या मालकाने अलार्म ठेवून घर विकलं असेल, घरकामाला येणाऱ्या मावशींनी काम सोडलं असेल, तेव्हाही हेच करा. यात कोणावर संशय घेण्याचा प्रश्न नाही. भाडेकरू बदलला की कुलूप बदलतो, तसंच हे.

९) मुलं, आजी-आजोबा आणि तो छोटा सेल

शाळेतून आधी घरी येणाऱ्या मुलाकडे रिमोट द्यायचा असेल तर तो दप्तराच्या बाहेरच्या खिशाला लटकवू नका. आतल्या कप्प्यात ठेवा. आणि मुलाला हे पक्कं सांगा : "रिमोट हरवला तर लगेच सांग. कोणी रागावणार नाही." मूल मार बसेल म्हणून दोन दिवस गप्प राहिलं, तर तेच दोन दिवस घर उघडं पडतं. मुलाने खरं सांगावं असं वाटत असेल, तर आपलं वागणं तसं हवं. घर सुरक्षित ठेवण्यात याचा वाटा सेन्सरइतकाच मोठा आहे.

घरी आल्यावर दार आधीच उघडं दिसलं तर? मुलाने आत जायचं नाही, बटणं दाबत बसायचं नाही. शेजारच्या काकूंकडे जायचं आणि तिथून फोन करायचा. ११२ हा क्रमांक मुलाला पाठ हवाच.

आजी-आजोबांना चारही बटणं एका दिवसात शिकवू नका. पहिल्या आठवड्यात फक्त पहारा थांबवायचं बटण. त्यावर नखांच्या रंगाचा एक ठिपका द्या, चष्म्याशिवायही ओळखू येतं. नंतर संकटाचं बटण. आजींनी स्वतःच्या हाताने तीन-चार वेळा दाबून बघू द्या. आपण दाखवलं म्हणजे त्यांना आलं, असं होत नाही.

आता सेलबद्दल. काही रिमोटमध्ये १२ व्होल्टचा बारीक नळीसारखा सेल असतो. त्यात २३ए आणि २७ए असे दोन प्रकार असून २७ए किंचित बारीक असतो. दुकानात जाताना जुना सेल सोबत न्या. बहुतेक रिमोटमध्ये सेल बदलल्यावर पुन्हा जोडावं लागत नाही. सेल उतरत आला की आधी अंतर कमी होतं. फाटकातून चालणारा रिमोट दाराजवळूनच चालायला लागला, की सेल बदला.

काही रिमोटमध्ये नाण्यासारखा चपटा सेल असतो. लहान मुलं असलेल्या पालकांनी हे नीट वाचावं. असा सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. संशय आला तरी थांबू नका. उलटी करायला लावू नका, सरळ दवाखान्यात न्या आणि सेल गिळल्याचं डॉक्टरांना आधी सांगा. रिमोटचं झाकण स्क्रूने बंद होणारं असावं. जुना सेल टेबलावर ठेवू नका, चिकटपट्टीत गुंडाळून मुलांच्या हाताबाहेर ठेवा.

१०) वर्गातला उपक्रम : दरवान आणि चोर

साहित्य : दोन कागद, एक पेन. वेळ : एक तासिका.

पहिली फेरी : एक मूल दरवान, एक घरमालक, एक चोर. मालक दरवानाला मोठ्याने "आंबा" म्हणतो, दार उघडतं. चोर ऐकतो. मग चोर येऊन "आंबा" म्हणतो. दार उघडावंच लागतं. वर्ग हसतो. हा स्थिर कोड.

दुसरी फेरी : दरवान आणि मालक यांच्याकडे एकाच क्रमाने लिहिलेल्या दहा शब्दांची सारखी यादी द्या. वापरलेला शब्द दोघांनी खोडायचा. चोराने ऐकलेला शब्द आता चालत नाही. हा बदलता कोड.

तिसरी फेरी : मालकाची यादी "हरवते" आणि चोराला सापडते. आता काय? मुलांनाच विचारा. थोड्या वेळाने कोणीतरी नक्की म्हणेल, "दरवानाला सांगायचं की ही यादी आता चालणार नाही!" तिथेच थांबा. पाठाचं सार मुलांनीच सांगितलेलं असेल.

स्वाध्याय (पालकांसाठी)

१. तुमच्या घरच्या पॅनेलला आज किती रिमोट जोडलेले आहेत? ते कोणाकोणाकडे आहेत?
२. त्यातला एखादा हरवला तर तो काढायची पद्धत पुस्तिकेच्या कोणत्या पानावर आहे?
३. वीज नसताना तुमचा रिमोट चालतो का?
४. तुमच्या रिमोटचा कोड बदलतो की तोच राहतो?

चारपैकी चारही उत्तरं आली तर तुम्ही पास. न आलेल्या प्रश्नाचं उत्तर या रविवारी मुलांना सोबत घेऊन शोधा. पुस्तिका मुलांनाच मोठ्याने वाचायला सांगा. वाचनाचा सरावही होईल आणि घराच्या नव्या किल्लीची जबाबदारी सगळ्यांना कळेल.